ईलच्या पिलाला काय भरवावे?

काही दिवसांपूर्वी प्रताप नगरातील एका शाळेच्या विज्ञान मंडळात बोलायला गेले होते. विषय होता 'संतुलित आहार'. फळ्यावर प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी अशी नेहमीची यादी लिहून झाली. तेव्हा आठवीतील एका मुलीने हात वर करून विचारले, "मॅडम, हे सगळं बरोबर मापानं कालवून दिलं, तर कोणताही प्राणी वाढेल का?" मी क्षणभर विचार करून "हो, बहुधा वाढेल" असे म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

घरी परतताना ते उत्तर मनात खुपू लागले. याच प्रश्नापाशी माणसे कित्येक वर्षे अडून बसल्याचे एक उत्तम उदाहरण मत्स्यशेतीच्या इतिहासात आहे. उदाहरण ईल माशाचे. मोठ्या ईलला काय खायला घालावे हे शेतकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ईलला काय भरवावे हे मात्र शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कळले नव्हते. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर या कथेत आहे.

मासा कोणता?

आधी एक गैरसमज दूर करू. नागपूरच्या मासळीबाजारात सापासारखा लांब मासा मिळतो. त्याला वाम किंवा बाम म्हणतात. तो तळ्याच्या गाळात राहतो आणि त्याच्या पाठीवर काट्यांची रांग असते. दिसायला ईलसारखा असला तरी तो खरा ईल नव्हे. त्याचे कूळ वेगळे आहे. आपल्याकडचा खरा ईल म्हणजे अहीर. त्याचे शास्त्रीय नाव अँग्विला बेंगालेन्सिस. अँग्विला या प्रजातीतील मासे नद्यांमध्ये वाढतात आणि अंडी घालण्यासाठी खोल समुद्रात जातात. तेथून ते परत येत नाहीत. परततात ती त्यांची पिले.

या विचित्र रहाटीमुळे ईलच्या जन्माचे कोडे दोन हजार वर्षे सुटले नाही. नदीतल्या ईलच्या पोटात कधी अंडी सापडत नसत, म्हणून ॲरिस्टॉटलने तो चिखलातून आपोआप उत्पन्न होतो असे मानले. पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या सिग्मंड फ्रॉइडने १८७६ साली, विद्यार्थीदशेत, ट्रिएस्ट येथे सुमारे ४०० ईल चिरून नराची वृषणे शोधली. त्याच्याही हाती निर्णायक असे काही लागले नाही.

पहिला खरा धागा इटलीत सापडला. समुद्रात पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक असा एक इवलासा जीव मिळत असे. त्याला स्वतंत्र मासा समजून 'लेप्टोसेफॅलस' असे नाव देण्यात आले होते. ग्रासी आणि कालान्द्रुच्चो या दोघांनी १८९६ साली दाखवून दिले की, तो ईलचाच डिंभ, म्हणजे अंड्यातून बाहेर पडल्यावरची अळीसारखी अवस्था आहे. त्याचे रूपांतर होऊन पारदर्शक पण ईलच्याच आकाराचे पिलू बनते. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी अनेक वर्षे अटलांटिक महासागर पिंजून लहानात लहान डिंभ कोठे मिळतात याची नोंद ठेवली आणि १९२२ साली युरोपीय ईलचे जन्मस्थान सारगासो समुद्रात असल्याचे जाहीर केले.

आहाराच्या दृष्टीने या शोधाचा अर्थ महत्त्वाचा आहे. पानासारखा डिंभ आणि नळीसारखा ईल हे एकाच माशाचे दोन अवतार असले, तरी त्यांचे तोंड, दात, आतडे आणि राहण्याची जागा यांत काहीही साम्य नाही. मधल्या रूपांतराच्या काळात तर तो काही खातही नाही. उलट आकसून लहान होतो. अर्थात एकाचा आहार दुसऱ्याला चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

रेशमाच्या कोशातून तळ्यात

ईलच्या शेतीची सुरुवात जपानात झाली. हात्तोरी कुराजिरो याने १८७९ साली टोकियोतील फुकागावा येथे ईलसाठी तळी खोदली. पुढे हा धंदा शिझुओका प्रांतातील हामाना सरोवराच्या काठी भरभराटीला आला. त्याचे एक कारण होते खाद्य. त्या भागात रेशमाचा व्यवसाय होता. कोशातून धागा काढून घेतल्यावर आतला किडा, म्हणजे कोशस्थ अवस्थेतील प्यूपा, उरतो. त्यात प्रथिने आणि तेल भरपूर असते. रेशीमवाल्यांना तो टाकाऊ होता. ईलवाल्यांनी तो उचलला.

पूर्व विदर्भातल्या वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल. भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत ढिवर समाजाच्या हातात दोन पारंपरिक कामे आहेत. तळ्यांमधली मासेमारी हे एक, आणि येन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकवणे हे दुसरे. जपानात हीच दोन कामे खाद्याच्या निमित्ताने एकमेकांना जोडली गेली.

पण प्यूपाने एक धडाही शिकवला. साठवलेल्या प्यूपातले तेल हवेने खवट होते. असे खाद्य खाणाऱ्या कार्प माशांच्या पाठीचे मांस झडून पाठ सुरीसारखी धारदार होऊ लागली. जपानी शेतकरी या रोगाला 'सेकोके' म्हणत. १९६०च्या दशकात संशोधकांनी दाखवले की, मूळ दोष खवट तेलाचा आहे आणि खाद्यात ई जीवनसत्त्व मिसळले तर रोग टळतो. प्रथिने तीच, तेलही तेच, केवळ शिळे झाल्याने अन्नाचे विष झाले.

प्यूपानंतर सार्डिनसारखे स्वस्त मासे आले. ते तारेत ओवून तळ्यात लटकवत आणि ईल त्यांचे लचके तोडत. काटे तेवढे तारेला उरत. पाणी मात्र घाण होई. १९६०च्या दशकात तयार खाद्य आले. मासळीची भुकटी आणि शिजवून वाळवलेला बटाट्याचा स्टार्च एकत्र करायचा, त्यात पाणी व थोडे तेल घालून कणकेसारखा चिकट गोळा मळायचा. स्टार्चचे मुख्य काम पोषणाचे नव्हते. गोळा पाण्यात विरघळू नये म्हणून तो होता. ईल वासाने अन्न शोधतो आणि तोंडाने ओढून तोडतो. त्याला सुटे दाणे देण्यापेक्षा चिवट गोळा देणे सोयीचे, हे त्याच्या सवयीवरूनच ठरले.

नोसे आणि अराई यांच्या प्रयोगांतून १९७२ साली जपानी ईलची प्रथिनांची गरज मोजली गेली. ती खाद्याच्या सुमारे ४५ टक्के निघाली. आपल्याकडे रोहू-कटल्याच्या बोडीत भाताचा कोंडा आणि ढेप टाकून काम भागते, कारण त्या माशांना पाण्यातले प्लवंग आणि शेवाळही मिळते. ईल मांसाहारी आहे. त्याला कोंड्यावर वाढवता येत नाही. चांगल्या खाद्यावर मात्र त्याची वाढ थक्क करणारी असते. तळ्यात सोडताना पिलू सुमारे ०.२ ग्रॅमचे असते आणि विकताना सुमारे २०० ग्रॅमचे. हजारपट!

म्हणजे ईलच्या शेतकऱ्याजवळ तळे होते, खाद्य होते, बाजारही होता. नव्हते ते फक्त मत्स्यबीज. दर हिवाळ्यात समुद्रातून नदीच्या मुखाशी येणारी काचेसारखी पिले पकडून आणायची आणि पोसायची, एवढेच त्याच्या हातात होते. पहिले काही दिवस त्या पिलांना ट्यूबिफेक्स नावाचे गाळातले लाल कृमी द्यायचे, मग हळूहळू गोळ्याची सवय लावायची. एका अर्थाने ही शेती नव्हतीच. पेरणी निसर्गाने करायची आणि खत आपण घालायचे, असा तो प्रकार होता.

तोंड उघडले, घास नाही

रोहू-कटल्याच्या बाबतीत ही अडचण भारताने आधीच सोडवली होती. ओडिशातील अंगुल येथे १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचे प्रजनन घडवले. आज विदर्भातल्या तळ्यांत सोडले जाणारे मत्स्यजिरे आणि बोटुकली त्याच तंत्राची देणगी आहे. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठातील यामामोतो आणि यामाउची यांनी १९७३ साली सामन माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क वापरून जपानी ईलची अंडी मिळवली, ती फळवली आणि त्यांतून डिंभ बाहेर काढले. दोन हजार वर्षांचे कोडे काचेच्या भांड्यात पोहत होते.

ते थोडेच दिवस पोहले. अंड्यातल्या बलकाचा साठा आठवडाभरात संपतो. तोपर्यंत डोळे आणि तोंड तयार होते. कार्पचे पिलू याच टप्प्यावर पाण्यातले सूक्ष्म जीव टिपू लागते. ईलचा डिंभ तसे करीना. मत्स्यबीज केंद्रांत हमखास वापरले जाणारे रोटिफर देऊन पाहिले, आर्टेमियाची पिले दिली, निरनिराळे प्लवंग दिले. बहुतेकांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. रोटिफर काही डिंभांनी गिळले, पण त्यावर ते वाढले नाहीत. समोर अन्न असताना पिले उपाशी मरत होती, आणि हे वीस वर्षांहून अधिक काळ चालले.

अखेर मिए प्रांतातील राष्ट्रीय मत्स्यसंवर्धन संशोधन संस्थेत हिदेकी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९०च्या दशकात वाट सापडली. अनेक पदार्थ तपासताना त्यांना दिसले की, काटेरी डॉगफिश या लहान शार्कच्या अंड्यांची भुकटी पाण्यात कालवून केलेली पातळ लापशी डिंभ आवडीने खातात. पण ती भरवायची कशी? तरंगणारे अन्न त्यांना टिपता येत नाही. येथे निरीक्षण कामी आले. डिंभ प्रकाशापासून दूर पळतात. म्हणून टाकी अंधारात ठेवायची, खाद्याच्या वेळी तळाशी लापशी पसरायची आणि वर दिवा लावायचा. प्रकाश टाळण्यासाठी डिंभ खाली जातात आणि त्यांचे तोंड नेमके लापशीत शिरते. पंधरा मिनिटांनी उरलेली लापशी धुऊन काढायची, नाहीतर पाणी सडून सगळे मरतात. हे दर दोन तासांनी, दिवसातून पाच वेळा, रोज!

लापशीत पुढे क्रिलचे पाचित सत्त्व, सोयाबीनमधील पेप्टाइडे आणि जीवनसत्त्वे यांची भर पडली. २००३ साली तानाका यांच्या गटाने प्रयोगशाळेत जन्मलेल्या डिंभांपासून काचेसारखी पिले मिळवल्याचे प्रसिद्ध केले. २०१० साली प्रयोगशाळेत वाढलेल्या नर-मादीपासून पुढची पिढी जन्मली. पहिल्या डिंभापासून येथवर यायला ३७ वर्षे लागली.

समुद्रातले जेवण

डिंभ निसर्गात काय खातो हे त्या वेळीही कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. त्याचा शोध दुसऱ्या दिशेने सुरू होता. कात्सुमी त्सुकामोतो यांच्या गटाला १९९१ साली मारियाना बेटांच्या पश्चिमेला जपानी ईलचे अगदी लहान डिंभ मिळाले. २००५ साली नुकतेच जन्मलेले डिंभ मिळाले आणि २००९ साली चक्क अंडी. इतर संशोधक समुद्रातून पकडलेल्या डिंभांचे आतडे तपासत होते. त्यात सापडले ते जिवंत भक्ष्य नव्हतेच. लार्वेशियन नावाचे इवले प्राणी आपल्याभोवती श्लेष्मल पदार्थाचे घर विणतात आणि ते वारंवार टाकून देतात. अशी टाकलेली घरे, विष्ठेच्या गोळ्या आणि मेलेल्या प्लवंगांचे तुकडे एकत्र चिकटून वरच्या पाण्यातून सावकाश खाली येत राहतात. याला 'समुद्री हिम' म्हणतात. नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या मोजणीवरूनही डिंभ अन्नसाखळीत फार खालच्या पायरीवर जेवतात असे दिसून आले.

आता लापशीचे रहस्य उलगडते. रोटिफरमध्ये पोषणद्रव्ये कमी नव्हती. पण मऊ, आकारहीन, अर्धवट विघटित अशा पदार्थासाठी घडलेल्या तोंडाला आणि आतड्याला तो जिवंत, हलणारा जीव निरुपयोगी होता.

शार्कच्या अंड्यांनी मार्ग दाखवला, पण तो मोठ्या प्रमाणावर वापरण्याजोगा नव्हता. काटेरी डॉगफिशची मादी जवळपास दोन वर्षे गर्भ वाहते आणि तिला थोडीच पिले होतात. एक मासा वाचवण्यासाठी दुसरा, तोही इतका सावकाश वाढणारा, संपवणे हा हिशेब जुळत नाही. म्हणून कोंबडीच्या अंड्याचा बलक, दुधातील प्रथिने, मासळीच्या भुकटीचे पाचित सत्त्व अशा पर्यायांवर काम झाले. किंदाई विद्यापीठानेही २०२३ साली ईलचे संपूर्ण जीवनचक्र आपल्याकडे पूर्ण केल्याचे जाहीर केले. तरीही टाकीतला डिंभ समुद्रातल्यापेक्षा सावकाश वाढतो. निसर्गात चार ते सहा महिन्यांत होणाऱ्या रूपांतराला टाकीत बहुधा त्याहून बराच अधिक वेळ लागतो. दिवसाला पाच वेळा भरवण्याचा खर्च तितकाच लांबतो.

वजनापलीकडची घडण

आहाराचा परिणाम म्हटला की आपण तराजू आणि मोजपट्टी काढतो. ईलमध्ये गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. त्याचे लिंग जन्मतः पक्के नसते. वाढीच्या काळातील परिस्थितीवर ते ठरते. दाटीवाटीने वाढवलेल्या तळ्यांत दहांतले नऊहून अधिक ईल नर होतात. प्रजननासाठी माद्या हव्यात म्हणून संशोधक पिलांच्या खाद्यात काही महिने इस्ट्रॅडिऑल हे संप्रेरक मिसळतात. अर्थात असे मासे बाजारात जात नाहीत. अलीकडे जपानच्या आइची प्रांतातील मत्स्यसंशोधन केंद्राने सोयाबीनमधील आयसोफ्लाव्होन या संप्रेरकसदृश द्रव्यांनीही पिले मादी होतात असे दाखवले. मादी नरापेक्षा मोठी वाढते. त्यामुळे समुद्रातून कमी पिले पकडून तितकेच मांस मिळवता येईल, अशी आशा आहे.

डोक्याची गोष्टही अशीच आहे. युरोपात रुंद डोक्याचे आणि निमुळत्या डोक्याचे ईल मिळतात. इंग्लंडच्या विल्यम यारेल यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांना निरनिराळ्या जाती मानले होते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच ठिकाणच्या पिलांचे गट करून काहींना कठीण व काहींना मऊ अन्न दिले, तेव्हा कठीण अन्नावर वाढलेल्यांची डोकी अधिक रुंद झाली. आनुवंशिकतेचा वाटा नाही असे यावरून म्हणता येणार नाही, पण घासाचा कठीणपणा हाडा-स्नायूंना आकार देतो हे स्पष्ट दिसते.

प्रश्न ईलपुरता नाही

ही सारी धडपड कशासाठी? ईल वेगाने कमी होत आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ साली युरोपीय ईलला अतिसंकटग्रस्त आणि २०१४ साली जपानी ईलला संकटग्रस्त जातींत घातले. युरोपीय संघाने २०१० साली आपल्या ईलची निर्यात थांबवली. शेती वाढली की निसर्गावरचा भार कमी होतो, असे आपण शिकवतो. ईलच्या बाबतीत उलटे झाले. मोठ्या ईलचे खाद्य जितके सुधारले, तितकी समुद्रातल्या पिलांची मागणी वाढली. लहानग्याचा घास सापडून तो स्वस्त होईपर्यंत हे चक्र तुटणार नाही.

आपल्या अहीरचाही यात संबंध येतो. प्रताप नगरावर पडलेला पाऊस नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला मिळतो. ईलचे पिलू या वाटेने उलट वर चढते. वाटेत धरणे आहेत. वैनगंगेवरचे गोसीखुर्द त्यांतले एक. अडलेल्या पिलाला तळ्यातले कोणतेही खाद्य उपयोगाचे नाही.

वर्गात करण्याजोगे काही सुचवते. डास निर्मूलनासाठी वाटले जाणारे गप्पी मासे सहज मिळतात. दोन सारख्या बरण्यांत सारख्याच आकाराची पाच-पाच पिले ठेवा. दोन्हींना मासळीची तीच भुकटी तेवढ्याच वजनाने द्या. एकीकडे बारीक कुटून, तर दुसरीकडे जाडसर. उरलेले अन्न रोज काढा, पाणी बदला आणि आठवड्याला एकदा आलेख कागदावर पिलांची लांबी मोजा. दोन्ही बरण्यांतली रासायनिक यादी एकच आहे. महिन्याभराने फरक पडला तर का पडला, आणि पडला नाही तर का नाही, हे मुलांनाच सांगू द्या.

त्या मुलीच्या शाळेत मी पुन्हा जाणार आहे. या वेळी तिला सांगेन की, तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. कालवलेले मिश्रण प्राण्याला अन्न म्हणून ओळखता यायला हवे, त्याच्या तोंडात मावायला हवे, आतड्याला पचायला हवे, आणि ते शिळेही असता कामा नये. आणि एवढे सांगून झाल्यावर मागच्या खेपेला मी घाईने 'हो' म्हटले होते, हेही तिच्यासमोर कबूल करीन.